आधी ब्रेक, मग पत्रा, मग इंजिन : आठ वर्षे उभी असलेली पद्मिनी पुन्हा चालती करताना

तुम्ही लिहिले आहे की वडिलांच्या पश्चात त्यांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी दादरच्या तुमच्या इमारतीच्या आवारात आठ वर्षे ताडपत्रीखाली उभी आहे, ती विकायची इच्छा नाही, आणि सुट्टीच्या दिवशी जमेल तेवढे काम स्वतःच्या हाताने करून ती पुन्हा चालती करावी असे मनात आहे. तुमचे प्रश्न तीन आहेत : आधी रंगकाम करावे की इंजिन उघडावे, सुटे भाग अजून मिळतात का, आणि एवढी जुनी गाडी कायद्याने रस्त्यावर आणता येते का. पंचवीसहून अधिक वर्षे मी स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या फियाट गाड्यांवर हाताने काम करत आलो आहे. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की सुरुवात यांपैकी कशानेच करू नये. मुंबईत उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन सहसा वाचलेले असते. निकामी झालेले असतात ते ब्रेक, पेट्रोलचा मार्ग आणि खालचा पत्रा. लोक मात्र हौसेने नेमके उलट्या क्रमाने जातात, आणि वर्षभरात पैसे आणि उत्साह दोन्ही संपल्यामुळे गाडी पुन्हा ताडपत्रीखाली जाते.

कायद्याचे आधी सांगून टाकतो, कारण ते काम दुरुस्तीच्या बरोबरीने चालू राहू शकते. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांविषयी जे निर्बंध चर्चेत असतात, ते मुंबईला लागू नाहीत. येथे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. त्या वेळी आरटीओत गाडीची तपासणी होते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. मुदत उलटून गेली असेल तर उशिराचे शुल्क वाढत जाते, म्हणून आरसी पुस्तकावरील तारीख आजच पाहा. गाडी वडिलांच्या नावावर असल्यामुळे वारसाच्या नावे हस्तांतर करण्यासाठी फॉर्म ३१ भरावा लागेल. हे नूतनीकरणाच्या आधी करावे, नाहीतर दोन्ही अर्ज एकमेकांत अडकतात. इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक पुस्तकाशी जुळतात का, हे गंज व रंग हळुवार साफ करून स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी जी वेगळी नोंदणी सुरू केली, ती ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी आहे. तुमची गाडी तिथे बसत नाही आणि बसण्याची गरजही नाही, कारण त्या नोंदणीतील गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

आता गाडीकडे येऊ. पहिली विनंती अशी की नवी बॅटरी लावून सेल्फ मारून पाहू नका. तो मोह फार मोठा असतो, हे मी जाणतो. माझी पहिली फियाट मी तशीच सुरू केली होती. इंजिनाचा आवाज ऐकून इतका आनंद झाला की मी ती आवाराबाहेर काढली आणि पहिल्याच उतारावर ब्रेकचे पेडल फळीला जाऊन टेकले. हँडब्रेकने गाडी थांबली आणि समोर कोणी नव्हते म्हणून निभावले. त्या दिवसापासून माझा नियम ठरला आहे : जी गाडी थांबेल याची खात्री नाही, ती सुरू करायची नाही.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि ते तेलाच्या दाबावर चालतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. आठ वर्षांत मुरलेले पाणी मास्टर सिलिंडरच्या (पेडलने तेलावर दाब देणाऱ्या) आणि व्हील सिलिंडरच्या (चाकाशी ब्रेक दाबणाऱ्या) आतल्या गुळगुळीत भिंतीवर बारीक खड्डे पाडते, त्यावर रबरी वॉशर घासून फाटतात आणि तेल झिरपते. गाडी जॅकवर उचलून लोखंडी घोड्यांवर, म्हणजे गाडीचे वजन पेलणाऱ्या तिकाटण्यांवर, ठेवा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही, जाऊ नका. ड्रम काढून व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या मागे सारून पाहा. आत ओल दिसली तर सिलिंडर उघडा, आणि भिंतीला नख अडकेल असा खड्डा असेल तर नुसते वॉशर किट घालून चालणार नाही, सिलिंडरच बदलावा लागेल. नखाला काहीही लागले नाही तरच किट पुरे.

तिथेच एक भाग असा आहे ज्याकडे अनुभवी माणसांचेही दुर्लक्ष होते : चाकाजवळचे रबरी ब्रेक होज. बाहेरून ते ठीक दिसतात, पण आतून फुगून त्यांचे भोक बंद होत आलेले असते. पेडल दाबले की जोरामुळे तेल पुढे जाते, पाय काढला की परत येत नाही, आणि ब्रेक चिकटून चाक तापते. मग लोक लायनर आणि स्प्रिंग बदलत बसतात. माझा सल्ला असा की हे होज न तपासता सरळ बदलावेत. धातूच्या नळ्या गंजलेल्या असतील तर त्यांनाही तोच न्याय. सर्व जोडून झाल्यावर ताजे ब्रेक ऑइल भरा आणि मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढा. या कामाला दोन माणसे लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाशी, आणि पेडल सोडण्याआधी चाकाजवळचे हवा काढायचे निपल बंद झालेच पाहिजे. यापुढे दर दोन वर्षांनी, गाडी चालो वा न चालो, हे तेल बदलत जा.

पेट्रोलच्या मार्गाचे काम त्यानंतरचे. आठ वर्षांपूर्वीचे पेट्रोल आता पेट्रोल राहिलेले नाही. त्याचा आंबूस वासाचा, वार्निशसारखा चिकट द्राव झालेला असतो. टाकी काढून रिकामी करा, आतून तपासा, गंजाचे पापुद्रे असतील तर धुऊन घ्या. टाकी रिकामी झाली तरी तिच्यात वाफ भरलेली असते आणि ती वाफ द्रव पेट्रोलहून घातक असते, म्हणून अशा टाकीजवळ वेल्डिंग किंवा ग्राइंडर अजिबात नको. कार्बोरेटर उघडून जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी पितळी बारीक भोके, साफ करताना तार किंवा सुई घालू नका. पितळ मऊ असते, भोक मोठे होते आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. कार्बोरेटर क्लीनर आणि दाबाची हवा यांनीच काम करावे.

आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ही गाडी त्या इंधनासाठी बनलेली नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि भेगाळते, पाणी ओढून घेते, आणि फार दिवस पडून राहिल्यास ते पाणी इथेनॉलसह तळाशी वेगळे होते. त्यामुळे पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचे किट इथेनॉल सोसणाऱ्या मालाचे घ्या. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. चढावर गाडी अडखळू लागली आणि प्लगचा रंग फटफटीत पांढरा दिसू लागला, तर मुख्य जेट एका मापाने वाढवून पाहावा. उभ्या गाडीत टाकी पूर्ण भरून ठेवली की आतल्या हवेला जागा उरत नाही आणि पाणी धरण्याचे प्रमाण कमी होते, पण महिनोन्महिने तेच पेट्रोल ठेवू नये.

इंजिन उघडू नका, फिरवून पाहा. हे १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे साधे, सोशिक इंजिन आहे. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस थांबा. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून हलके पुढे-मागे ढकला. पंख्याचा पट्टा फिरला, तर इंजिन जाम नाही. ते फिरत नसेल तर जोर लावू नका, पुन्हा तेल सोडा आणि आणखी आठवडाभर वाट पाहा. घाईने पिस्टनच्या रिंग तुटतात. त्यानंतर जुने तेल काढून नवे भरा, फिल्टर बदला, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची तार काढून ठेवा आणि प्लग न लावता सेल्फने इंजिन थोडे थोडे फिरवा. बेअरिंगपर्यंत तेल पोचल्याची खूण दिसली, म्हणजे तेलाच्या दाबाचा दिवा विझला, की मगच प्लग लावून गाडी सुरू करा. कॉम्प्रेशन गेजने चारही सिलिंडरमधला दाब मोजून आकडे वहीत लिहा. एकूण आकडा जरा कमी असला तरी हरकत नाही, चारांत फार तफावत नसावी. गाडी पाचशे किलोमीटर चालली की रिंगा मोकळ्या होऊन आकडे पुष्कळदा सुधारतात. गॅरेजमध्ये ‘हाफ इंजिन काढावे लागेल’ (म्हणजे इंजिन उघडून पिस्टन-रिंगांचे काम करावे लागेल) असे कोणी म्हणाले, तर हे आकडे त्यांच्यासमोर ठेवा.

हेड (इंजिनाचे वरचे झाकण) अ‍ॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक (खालचा मुख्य भाग) बिडाचा, ही या इंजिनाची खरी नाजूक बाजू आहे. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरिंगचे किंवा नळाचे साधे पाणी घातले जाते आणि हेड आतून पाण्याच्या मार्गाकाठी कुरतडले जाते. कूलंट आणि खनिजमुक्त पाणी समप्रमाणात घाला. हेड उतरवण्याची वेळ आलीच, तर बोल्ट इंजिन पूर्ण थंड असताना, मध्यापासून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच आवळा. हाताच्या अंदाजाने आवळलेले अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि मग गॅस्केट कितीही बदलली तरी टिकत नाही.

बिघाड शोधण्याच्या पद्धतीविषयी एक अनुभव सविस्तर सांगतो, कारण या छंदातील खरे कौशल्य मला तिथेच दिसते. काही वर्षांपूर्वी माझी गाडी सुरू झाल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडू लागली. पंधरा मिनिटे उभी राहिली की पुन्हा चालू, जणू काही झालेच नाही. उन्हाळा होता, जागा बहुधा सायनच्या गर्दीतली, त्यामुळे सर्वांचे एकमत झाले की पेट्रोलची वाफ धरते आहे, म्हणजे नळीत वाफ होऊन पेट्रोल अडते आहे. पंपावर ओले फडके ठेवण्याचा टॅक्सीवाल्यांचा जुना उपाय केला, पंप बदलला, नळीची वाट बदलली, कार्बोरेटर दोनदा उघडला. दोन महिने गेले. शेवटी मी एक टेस्ट लँप आणि एक जास्तीचा प्लग गाडीतच ठेवला आणि ठरवले की बंद पडेल त्याच जागी, त्याच मिनिटाला तपासायचे. गाडी बंद पडली तेव्हा कार्बोरेटरच्या तोंडातून पाहिले : अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पेट्रोलची धार व्यवस्थित येत होती. जास्तीचा प्लग वायरला लावून बॉडीला टेकवला, तर ठिणगी पिवळी आणि मरतुकडी. गरम झाल्यावर डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागातला) कंडेन्सर निकामी होत होता. किरकोळ किमतीच्या त्या डबीसाठी मी दोन महिने पेट्रोलच्या मागे लागलो होतो. तेव्हापासून एका वेळी एकच भाग बदलतो, बदललेला प्रत्येक भाग तारखेसह वहीत लिहितो, आणि बिघाड हजर असतानाच तपासतो. थंड झालेल्या गाडीत तो सापडत नाही. तुम्हीही डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची (उघडझाप करणाऱ्या संपर्काची) फट फिलर गेजने साधारण ०.४५ मिलिमीटर ठेवून सुरुवात करा आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) फट गाडीच्या मूळ पुस्तिकेत दिलेल्या मापाने लावा.

तुमच्या गाडीला डायनॅमो आहे की अल्टरनेटर, तेही पाहा. डायनॅमो मंद फिरताना बॅटरी भरत नाही. पावसात दिवे आणि वायपर चालू ठेवून माहीमच्या सिग्नलला रांगेत उभे राहिल्यास बॅटरी उतरणारच, तो बिघाड नव्हे. शहरात नियमित चालवायची असेल तर अल्टरनेटर बसवून घेणे मला योग्य वाटते, मात्र मूळ डायनॅमो जपून ठेवा.

पत्र्याबद्दल मी सर्वांत आग्रही आहे. या गाडीला वेगळी चौकट नाही. १९५३ साली आलेल्या फियाट ११०० पासून चालत आलेली ही एकसंध बॉडी आहे. म्हणजे तळाचा पत्रा, दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्या आणि चाकांच्या कमानी हाच तिचा सांगाडा. तो गंजला तर इंजिन कितीही गोड चालो, गाडी सुरक्षित नाही. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि हवेत समुद्राचे मीठ असते. ताडपत्रीखाली तर ओल कोंडून राहते आणि उघड्यावरच्या गाडीपेक्षाही लवकर गंज धरतो. आतले सर्व मॅटिंग आणि त्याखालचे तागाचे किंवा नमद्याचे अस्तर काढून टाका. बोथट स्क्रूड्रायव्हरने तळ, जॅक लावायच्या जागा, पुढच्या काचेखालचा भाग, डिकीचे कोपरे आणि स्प्रिंगांच्या बैठका ठोकून पाहा. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो. सडलेला दबतो किंवा आरपार जातो. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून बाहेरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुटी आहे.

दुरुस्ती अशी व्हावी : सडलेला भाग शुद्ध, चकचकीत धातू लागेपर्यंत कापून काढणे, त्या मापाचा १८ किंवा २० गेजचा सीआर पत्रा घडवून कडेला कड लावून वेल्ड करणे, मग इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर आणि पोकळ भागांत मेणाचा फवारा. गंजलेल्या पत्र्यावर दुसरा पत्रा चिकटवून वरून डांबर फासण्याची पद्धत सर्रास दिसते. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकते आणि दोन पावसाळ्यांत दोन्ही सडतात. हे काम तुम्ही स्वतः करू नये, चांगला टिनकाम करणारा कारागीर शोधावा, पण कापल्यानंतर आणि प्रायमरआधी स्वतः जाऊन पाहावे. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि टाकी काढलेली असली पाहिजे. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघण्याची भोके असतात, ती रंगाने बुजलेली आढळतील. दर पावसाळ्याआधी काडीने मोकळी करा. भरतीच्या वेळी वरळी किंवा मरीन ड्राइव्हवरून गाडी आली, तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा.

सुट्या भागांची स्थिती अजून बरी आहे, आणि त्याचे श्रेय काळ्या-पिवळ्या टॅक्सींना जाते. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ही गाडी हजारोंच्या संख्येने मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून धावली आणि तिच्या भागांवर सबंध बाजार उभा राहिला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ नंतर त्या रस्त्यावरून गेल्या. रोजची मागणी थांबल्याने साठा आता कमी होत जाणार, म्हणून ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानांत आतापासून फेऱ्या सुरू करा. काचा, दिव्यांच्या रिंगा, हँडल आणि पट्ट्या यांसाठी चोरबाजारही पाहावा. एक भेद मात्र पाळा. धातूचा जुना, न वापरलेला, डबीबंद भाग मिळाला तर आनंदाने घ्या, कारण तो नव्या नकलेपेक्षा बहुधा सरस असतो. रबराचा जुना डबीबंद भाग मुळीच घेऊ नका. वीस वर्षे कपाटात पडलेला वॉशर वापरलेला नसला तरी मेलेला असतो. टायरचेही तसेच : बाजूवरील चार आकडी खुणेत पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. तुमच्या गाडीवरचे टायर दिसायला नवे असले तरी बदला.

पूर्वी टॅक्सींवर काम केलेले मिस्त्री अजून आहेत. त्यांना इंजिनाचा आवाज ऐकून टॅपेट कळतो. एखाद्या रविवारी त्यांच्याशेजारी उभे राहून हातात पाना घ्यायला मिळाला तर ती संधी सोडू नका, आणि त्यांच्या वेळेचा मोबदला शिकवणी म्हणून वेगळा द्या.

जागेविषयी एवढेच की सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून, आवाजाची कामे सकाळी उशिरा आणि दुपारची विश्रांती टाळून करावीत. गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवा. काढलेले तेल डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्याला द्या. गटारात ओतलेले तेल सरळ खाडीत आणि समुद्रात जाते. अग्निशामक हाताशी असल्याशिवाय पेट्रोलचे काम करू नका.

रंगाचा प्रश्न तुम्ही सर्वांत आधी विचारला होता आणि मी तो शेवटी ठेवला आहे, कारण रंग त्याच जागी येतो. गाडी चालती झाल्यावर एक पूर्ण पावसाळा तिला प्रायमर आणि जुन्या रंगातच राहू द्या. पाणी कुठून शिरते, कोणत्या सांध्यातून गंज पुन्हा डोके काढतो, हे त्या चार महिन्यांत दिसेल. तेवढे दुरुस्त करून दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत रंग द्यावा. वडिलांच्या वेळचाच रंग हवा असेल तर नमुना बाहेरून घेऊ नका, तिथला उन्हाने उडालेला असतो. डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला किंवा डिकीत जादा चाकामागे हात घाला. तिथे १९८६ सालचा रंग बहुधा जसाच्या तसा सापडेल. तेवढा हाताएवढा तुकडा नव्या रंगाखाली झाकू नका.